दाबलेल्या हवेचा ताप : इंटरकूलरची निवड

इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांना उत्तमोत्तम मोटारींचा शौक होता, हे येथील जुन्या मंडळींच्या बोलण्यातून आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. १९३५-३६ च्या सुमारास त्यांच्याकरिता अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीच्या एस्‌जे जातीच्या चासीवर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी एक देखणी दोन आसनी मोटार बांधून दिली. या जातीच्या मोटारीचे आठ सिलिंडरांचे इंजिन जवळजवळ ६.९ लिटरचे असे. साध्या इंजिनाची शक्ती कंपनी २६५ अश्वशक्ती सांगे, आणि एस्‌जे जातीची ३२०. मधली ५५ अश्वशक्ती आली कोठून? इंजिन मोठे केलेले नव्हते. त्याला फक्त एक पंखा जोडलेला होता. तो पंखा हवा कोंबून सिलिंडरांत भरी. हवा अधिक, म्हणून तिच्याबरोबर पेट्रोलही अधिक, आणि म्हणून जोरही अधिक.

तो पंखा इंजिनाच्याच दात्यांच्या चक्रांनी फिरत असे, म्हणजे मिळालेल्या शक्तीतील काही भाग तो स्वतःच खात असे. आल्फ्रेड बुखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्येच निराळ्या युक्तीचे पेटंट घेतले होते. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर वायाच जातो. तर त्याच्याच झोताने एक चक्र फिरवावे व त्या चक्राच्या दांड्यावरील दुसऱ्या चक्राने हवा दाबावी, अशी ती कल्पना. यालाच आज आपण टर्बोचार्जर म्हणतो. आग्रा-मुंबई मार्गावर उभे राहिले तर येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांवर ‘टर्बो’ ही अक्षरे दिसतात. टाटांच्या ६९७ या इंजिनाच्या नावापुढे ‘टीसीआयसी’ अशी जी चार अक्षरे येतात, त्यांतील पहिली दोन टर्बोचार्जरची आणि पुढची दोन इंटरकूलरची. आपल्या लेखाचा विषय ही पुढची दोन अक्षरे होत.

अलीकडे ट्रकच नव्हे, तर लहान मोटारीही टर्बोच्या निघू लागल्या आहेत, आणि वेगाची आवड असणारे तरुण अशी मोटार घेतल्यावर सहा महिन्यांच्या आत ‘मोठा इंटरकूलर बसवावा काय?’ असा प्रश्न विचारू लागतात. प्रश्न पैशाचा आहे, आणि चुकीच्या उत्तराने इंजिनाच्या जिवावरही बेतू शकते. म्हणून त्याचा विचार भावनेने न करता पदार्थविज्ञानाने करू.

सायकलीच्या चाकात पंपाने हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला चटका देण्याइतके तापते, हा अनुभव प्रत्येक विद्यार्थ्याचा आहे. त्यातील थोडी उष्णता घर्षणाची असते, परंतु बरीचशी हवा दाबल्यामुळेच उत्पन्न होते. टर्बोचार्जरमध्ये हेच घडते, आणि फार मोठ्या प्रमाणावर घडते. एक उदाहरण सोडवून पाहू. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच असल्यामुळे येथील हवेचा दाब सुमारे ०.९५ बार असतो. मे महिन्यातील दुपार आहे, तपमान ४० अंश सेल्सियस आहे, आणि टर्बोचार्जर त्यावर ०.८ बार दाब वाढवीत आहे. म्हणजे एकंदर दाब १.७५ बार, मूळच्या १.८४ पट. आदर्श यंत्रात एवढ्या दाबाने हवा सुमारे ६० अंशांनी तापेल. परंतु आदर्श यंत्र केवळ पुस्तकात असते. ७० टक्के कार्यक्षमतेच्या चांगल्या टर्बोचार्जरमध्ये ही वाढ सुमारे ८५ अंश होते. म्हणजे इंजिनाकडे निघालेली हवा १२५ अंशांवर पोहोचली, उकळत्या पाण्याहूनही तप्त!

याचे दोन तोटे. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे दाबून जे मिळविले त्यातील बराच भाग उष्णतेने हिरावला जातो. दुसरा तोटा याहून घातक आहे. पेट्रोलच्या इंजिनात मिश्रण ठिणगीने पेटावे आणि ज्योत क्रमाने पसरावी, अशी योजना असते. मिश्रण अतिशय तप्त असेल तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच त्याचा उरलेला भाग आपोआप भडकतो आणि पिस्टनवर घणाचा घाव बसल्यासारखा आघात होतो. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. फार वेळ चालले तर पिस्टन फुटतो. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बोची मोटार विक्रीस आली, तेव्हा तिच्या कर्त्यांनी हा धोका टाळण्यासाठी मिश्रणात पाणी व मिथेनॉल यांचा फवारा सोडण्याची सोय केली होती. मालकाने त्या द्रवाची टाकी वेळोवेळी भरावी अशी अपेक्षा होती. मालक लोक ती भरावयाचे विसरत, हे सांगावयास नकोच.

फवाऱ्यापेक्षा सरळ उपाय म्हणजे दाबलेली हवा इंजिनात शिरण्यापूर्वी वाटेतच गार करणे. विमानांच्या जगात हे आधीच घडले होते. १९४२ मध्ये स्पिटफायर विमानाला मर्लिन ६१ हे इंजिन बसविले, त्यात दोन टप्प्यांनी दाबलेली हवा द्रवाच्या साहाय्याने गार करून मग सिलिंडरांत सोडीत. रस्त्यावरच्या मोटारींपैकी पोर्शे ९११ टर्बो हिचे उदाहरण बोधप्रद आहे. १९७५ मध्ये ती ३ लिटरच्या इंजिनासह आली तेव्हा तिला इंटरकूलर नव्हता आणि शक्ती २६० अश्वशक्ती होती. १९७८ मध्ये इंजिन ३.३ लिटरचे झाले, मागच्या पंखाखाली इंटरकूलर आला आणि शक्ती ३०० झाली. अर्थात ही सर्व वाढ इंटरकूलरची नव्हे, इंजिनही मोठे झाले होते; जाहिराती वाचताना असा हिशेब नेहमी मनात ठेवावा.

इंटरकूलर दिसावयास रेडिएटरसारखाच असतो. ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्यांतून तप्त हवा जाते, नळ्यांना लागून पातळ पत्र्याच्या घड्या असतात, आणि बाहेरून वारा वाहतो. नळीतील हवेची उष्णता वाऱ्यात जाते. तो किती चांगला आहे हे मोजण्याची रीत सोपी आहे : आत शिरणारी हवा बाहेरच्या हवेपेक्षा जितके अंश तप्त होती, त्यातील किती टक्के अंश त्याने उतरविले? आपल्या उदाहरणात फरक ८५ अंशांचा होता. ७० टक्क्यांचा इंटरकूलर त्यातील ६० अंश उतरवील, आणि हवा १२५ ऐवजी सुमारे ६५ अंशांवर येईल. तेवढ्यानेच तिची घनता सतरा-अठरा टक्क्यांनी वाढते. बाहेर ४० अंश असताना तो हवा ४० च्या खाली मात्र कधीच नेणार नाही, विक्रेता काहीही सांगो.

आता खरी मेख येथे आहे. कारखान्याने दिलेला ७० टक्क्यांचा इंटरकूलर काढून आपण ८० टक्क्यांचा बसविला असे समजा. हवा ६५ ऐवजी ५७ अंशांवर येईल आणि घनता आणखी अडीच टक्क्यांच्या आसपास वाढेल. परंतु त्या मोठ्या इंटरकूलरच्या लांब वळणांतून जाताना हवेचा दाब जर केवळ ०.०५ बारने अधिक घटला, तर १.७५ बारचे १.७० होतील, म्हणजे जवळजवळ तीन टक्के तोटा. मिळविले ते सारे गेले, वर पदरचे थोडे पडले! दाबावर नजर ठेवणारे इंजिनाचे नियंत्रक ही घट भरून काढण्यासाठी टर्बोचार्जरला अधिक फिरवील, तर हवा मुळातच अधिक तापेल. म्हणून इंटरकूलर घेताना विक्रेत्याला आकार विचारण्याआधी दोन आकडे विचारावेत : किती टक्के उष्णता उतरते, आणि किती प्रवाहाला किती दाब घटतो. ज्याच्याजवळ हे आकडे नाहीत आणि नुसते चकचकीत छायाचित्र आहे, त्याच्याकडून घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट तरुणांना पटत नाही, पण सांगितलीच पाहिजे. कारखान्यातून आली तशी मोटार असेल, तर तिचा नियंत्रक किती जोर द्यावयाचा हे आधीच ठरवून बसलेला असतो. हवा थंड मिळाली म्हणून तो ठरलेल्या मर्यादेपेक्षा फारसे अधिक काही देत नाही. मग चांगल्या इंटरकूलरचा उपयोग काय? हवा तापली की नॉकिंगच्या भीतीने नियंत्रक ठिणगी उशिरा टाकतो आणि जोर कमी करतो. ती घट टाळणे, हाच उपयोग. मूळ अवस्थेतील मोटारीत इंटरकूलर नवी शक्ती आणीत नाही, असलेली हरवू देत नाही. मग प्रश्न इतकाच उरतो की आपल्या गाडीची शक्ती खरोखर हरवते आहे काय?

हे मोजता येते. बहुतेक आधुनिक गाड्यांत सुकाणूखाली एक जोडणी असते. तिला लहानसे यंत्र लावले की इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तपमान आकड्यांत दिसते. आकडा शेजारी बसलेल्याने टिपावा, चालवणाऱ्याने रस्त्याकडे पाहावे. माळव्याच्या रात्री शीतल म्हणून पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत, पण नेमके त्यामुळेच रात्रीची परीक्षा फसवी ठरते. डिसेंबरच्या रात्री १० अंशांत वरचाच हिशेब मांडला तर तोच इंटरकूलर हवा सुमारे ३३ अंशांवर देईल, आणि मालकाला वाटेल सगळे उत्तम आहे. परीक्षा मे महिन्यात, दुपारी, आणि चढावर करावी : सिमरोलजवळच्या भेरूघाटात, किंवा खलघाटाहून मानपूरकडे चढताना, तीही कायद्याच्या वेगमर्यादेत. भरलेल्या ट्रकच्या मागे रांगत जाताना इंजिनावर भार असतो पण वारा नसतो; तेव्हा इंटरकूलर स्वतःच तापून बसतो. पुढे रस्ता मोकळा झाल्यावर आकडा एक-दोन मिनिटांत खाली येऊन बाहेरच्या तपमानाच्या पंधरा-वीस अंश वर स्थिरावला, तर कारखान्याचा इंटरकूलर पुरेसा आहे असे समजावे. प्रत्येक चढाला तो आधीपेक्षा वर चढत गेला आणि उतरेनासा झाला, तरच नव्याचा विचार करावा.

त्याआधीही एक बिनखर्चाचा उपाय आहे : धुणे. पावसाळ्यात माळव्याची काळी माती आणि उन्हाळ्यात धूळ व किडे पत्र्याच्या घड्यांत घट्ट बसतात. मंद धारेच्या पाण्याने ते हलकेच काढावेत. जोराच्या फवाऱ्याने घड्या वाकतात आणि वाराच अडतो. रबरी नळ्यांच्या जोडांतून हवा निसटत नाही ना, हेही पाहावे. कित्येकांची ‘इंटरकूलर लहान आहे’ ही तक्रार एका सैल पट्टीने मिटलेली आहे.

नवाच घ्यावयाचा ठरला, तर बांधणीचे दोन प्रकार पुढे येतात. एकात पातळ नळ्या व घड्या असतात. तो हलका, त्यातून वारा सहज पार होतो, आणि तापला तरी लवकर निवतो. दुसऱ्यात जाड पट्ट्या व पत्रे रचून झाळलेले असतात; तो वजनदार व दणकट असतो, थोड्या वेळाचा ताप पोटात घेतो, पण एकदा तापला की निवावयास वेळ लावतो. शर्यतीच्या छोट्या धावेला दुसरा शोभतो. राजवाड्याच्या गर्दीतून निघून घाट चढणाऱ्या गाडीला, माझ्या मते, पहिलाच बरा. फार दाट घड्यांचा मात्र घेऊ नये, तो धुळीने लवकर बुजतो. जाडीपेक्षा पुढून दिसणारे क्षेत्र महत्त्वाचे. वारा जाड इंटरकूलरच्या मागच्या भागापर्यंत पोहोचतो तो तापूनच. शिवाय मोठा इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे उभा राहिला तर त्याचाच वारा अडवतो, आणि गार हवेच्या नादात इंजिनाचे पाणी उकळावयास लागते. आतली पोकळी फार वाढली तर पायाखालची कळ दाबल्यावर दाब चढावयास किंचित उशीर होतो, तेही खरे.

सर्वच मोटारींना हा फेरबदल लागूही पडत नाही. फोक्सवॅगन व स्कोडा यांच्या १.० लिटरच्या टीएसआय इंजिनात इंटरकूलर इंजिनाच्या हवानळीतच बसविलेला असून तो पाण्याने गार होतो; तेथे पुढे जाळीमागे बसवावयाच्या इंटरकूलरचा प्रश्नच नाही.

पैशाखेरीज कागदपत्रांचाही विचार हवा. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ अन्वये नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून निराळा होईल असा बदल करता येत नाही. इंटरकूलरने तसा भेद होतो की नाही हे परिवहन कार्यालयात आधी विचारावे, आणि हमी व विमा यांच्या अटीही वाचाव्यात.

आपल्या शहराजवळच, पीथमपूर येथे, नॅट्रॅक्स या संस्थेची ११.३ किलोमीटरची वेगवान चाचणी-धाव २९ जून २०२१ रोजी सुरू झाली. अशा ठिकाणी शोधकांची शिस्त एकच असते : एका वेळी एकच बदल करावयाचा, आणि आधी व नंतर त्याच परिस्थितीत मोजावयाचे. घरच्या गाडीलाही हे करता येते. इंटरकूलर बदलण्यापूर्वी ज्या घाटात, ज्या प्रहरी, जितकी माणसे बसवून आकडे टिपले, तेथेच, त्याच प्रहरी, तितकीच माणसे बसवून पुन्हा टिपावेत. वातानुकूलन चालू होते की बंद, पेट्रोल कोणते भरले होते, बाहेरचे तपमान किती होते, हेही वहीत लिहावे. दोन्ही दिवसांच्या तपमानात फरक असेल तर नुसते आकडे न तोलता ‘बाहेरच्यापेक्षा किती अंश वर’ हा फरक तोलावा. जुनी वस्तू विकण्याची घाई तोवर करू नये.