सूज उतरली, तरी घोटा पुन्हा का मुरगळतो?

शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी गोदाकाठच्या गंगाखेडवरून परळीकडे जाते. पाऊस पडून गेला की इथली काळी माती निसरडी होते आणि चालणाऱ्याचा पाय मुरगळायला एवढे निमित्त पुरते. मग आंबेहळदीचा लेप, चार दिवस आराम. सूज उतरते, माणूस कामाला लागतो आणि काही आठवड्यांत तोच घोटा पुन्हा दगा देतो.

पाऊल आत वळले की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधून ठेवणारे पट्टे, ताणले जातात किंवा फाटतात. पण हे पट्टे नुसते दोर नव्हेत. पाऊल कोणत्या कोनात आहे, ही खबर मेंदूला देणारी मज्जातंतूंची टोके त्यांच्यात असतात. दुखापतीनंतर ही खबर अपुरी पोहोचते, असे ब्रिटिश सर्जन फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये मांडले.

त्याचा फटका पोटरीच्या बाहेरच्या अंगाने उतरणाऱ्या पेरोनियल स्नायूंना बसतो. पाऊल आत वळू लागले की त्याला बाहेर ओढायचे काम त्यांचे. सूज आणि वेदना असताना मज्जासंस्था स्नायूंचा जोर आपणहून कमी करते, आणि दुखणे थांबल्यावरही तो पूर्ण परत येतोच असे नाही. शिवाय घोटा क्षणार्धात वळतो. तो वळल्यावर जागा होणारा स्नायू फारसा कामाचा नाही; पाऊल टेकण्याआधीच तो सज्ज हवा. ही सवय नुसत्या आरामाने येत नाही.

म्हणून वेदना सोसवेल तसे लवकर वजन टाकायला सुरुवात करावी. पुढे भिंतीजवळ एका पायावर उभे राहावे, जमले की डोळे मिटून. टाचा उचलाव्यात, रबरी पट्टा बांधून पाऊल बाहेर ढकलावे. साधेच प्रकार आहेत, पण पुन्हा मुरगळण्याचा धोका कमी करण्यात तोल साधण्याच्या व्यायामांचा उपयोग अभ्यासांत दिसला आहे. हे आठवडाभरात उरकत नाही. कित्येक आठवडे नेमाने करावे लागते. ताज्या दुखापतीवर जोरात चोळून घेणे मात्र टाळावे.

चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर लेप बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे आणि एक्स-रे काढावा. कधी कधी मुरगळलेला वाटणारा पाय मोडलेला असतो.