ब्रेक नसलेली गाडी

परवा नातवाने मोटारसायकल मागितली आणि आमच्या घरात सरळ दोन तट पडले. निकाल माझ्यावर आला. मला मात्र आठवला पीटर क्रेव्हन.

लिव्हरपूलला १९३४ साली जन्मलेला हा किरकोळ अंगाचा पोरगा स्पीडवेचा खेळाडू. हा खेळ आपल्या नागपुरात कुणी फारसा पाहिलेला नाही. मातीचा लांबट गोल ट्रॅक, चार स्वार, चार फेऱ्या. मिनिटभराच्या आसपास खेळ खलास. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि शेवटच्याच्या हाती भोपळा. गाडी ५०० सीसीची, मिथेनॉलवर धावणारी, एकाच गियरची. आणि ब्रेक? तो नसतोच! वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरू द्यायचे, हँडल उलट दिशेला धरायचे आणि पोलादी तळ बसवलेला डावा बूट मातीवर टेकवीत तोल राखायचा. क्रेव्हनला लोक तोलाचा जादूगारच म्हणत. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू संघाचा हा स्वार १९५५ आणि १९६२ साली वेंबलीवर जगज्जेता झाला. हा मान दोनदा मिळवणारा तो पहिला इंग्रज. पुढे टाय वॉफिंडनने २०१३, २०१५ आणि २०१८ अशी तीन विजेतेपदे मिळवून त्याला मागे टाकले.

२० सप्टेंबर १९६३. एडिंबरोच्या शर्यतीत पुढचा स्वार पडला. त्याला वाचवायला क्रेव्हनने गाडी वळवली आणि तो कठड्यावर आदळला. चार दिवसांनी तो गेला. वय अवघे २९.

बँकेत असताना मी कर्जाच्या तपासणीसाठी राजदूतवरून काटोलकडे जायचो. एकदा पावसात माझ्यापुढे संत्र्याच्या टोपल्यांसकट एक सायकलवाला घसरला. मी ब्रेक दाबला. गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. संत्री वेचायला मीही खाली बसलो; हात मात्र बराच वेळ थरथरत होते. माझ्यापाशी ब्रेक होता. क्रेव्हनपाशी फक्त हँडल होते, आणि ते कुठे वळवायचे हे ठरवायला एक क्षण.

नातवाला ही गोष्ट सांगितली. त्याने सारे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आजोबा, गाडी घ्यायची ना?"

म्हटले, "घेऊ. हेल्मेट आधी. आणि रस्त्यावर आपल्यापुढे कोण आहे, हे कधी विसरायचं नाही."