लेसर डायोडला प्रवाह किती द्यावा?

म्हसवडजवळचा राजेवाडीचा तलाव तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. १८७६-७७ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून त्याचे बांधकाम सुरू झाले. माणगंगेला पाणी आले की तलाव भरू लागतो. पण पातळी सांडव्याच्या माथ्याला टेकेपर्यंत सांडव्यावरून थेंबही पडत नाही. माथा गाठला, की मग वरून येईल तेवढे पाणी खाली धावते. लेसर डायोडचे वागणे असेच असते.

लेसर डायोड म्हणजे अर्धवाहकाचा एक इवलासा स्फटिक. त्याची दोन टोके आरशांचे काम करतात. थोडा प्रवाह सोडला तर तो साध्या एलईडीसारखा मंद उजळतो. प्रवाह वाढवत नेला, की एका ठरावीक मूल्यानंतर आरशांमध्ये फिरणारा प्रकाश स्वतःच नवा प्रकाश निर्माण करू लागतो आणि झोत एकदम प्रखर होतो. या मूल्याला उंबरठा-प्रवाह म्हणतात. १९६२ साली अमेरिकेत बनलेले पहिले लेसर डायोड द्रव नायट्रोजनच्या थंडीत आणि क्षणाक्षणाच्या स्पंदांनीच चालत. नेहमीच्या तापमानाला अखंड चालणारे डायोड १९७० साली साधले.

मग डायोड सरळ बॅटरीला का जोडू नये? कारण डायोडवरचा दाब किंचित वाढला तरी प्रवाह कितीतरी वाढतो. शिवाय डायोड तापला, की त्याच दाबाला आणखी प्रवाह वाहतो. म्हणून त्याला स्थिर दाब नव्हे, स्थिर प्रवाह हवा. प्रवाह जास्त झाला तर काय होते, याचा हिशेब करून पाहा. ५ मिलिवॅटचा प्रकाश स्फटिकाच्या टोकावरील सुमारे १ × ३ मायक्रोमीटर जागेतून बाहेर पडतो. तेथील तीव्रता भर दुपारच्या उन्हाच्या दहा लाख पटींहून अधिक भरते! थोडा प्रवाह वाढला, की हा आरसा डोळ्याचे पाते लवायच्या आत जळतो.

स्थिर प्रवाहासाठी एलएम ३१७ हे तीन पायांचे स्वस्त आयसी चालते. ते आपल्या ‘आउट’ व ‘अ‍ॅडजस्ट’ या पायांमध्ये नेहमी १.२५ व्होल्ट राखते. त्यांच्यामध्ये रोधक जोडला, की प्रवाह = १.२५ ÷ रोध. ३९ ओहमचा पक्का रोधक आणि त्याच्याशी एकसरीत १०० ओहमचा प्रीसेट घ्या. प्रीसेट शून्यावर गेला तरी प्रवाह ३२ मिलिअँपिअरच्या वर जाणार नाही. पूर्ण रोधाला तो सुमारे ९ राहील. तुमच्या डायोडची कमाल मर्यादा त्याच्या माहितीपत्रकात पाहा आणि त्यानुसार पक्का रोधक निवडा. ‘अ‍ॅडजस्ट’ पायापासून पुढे डायोड, त्याच्यापुढे १ ओहमचा रोधक आणि मग ऋण टोक, अशी जोडणी करावी. पुरवठा ९ व्होल्टचा पुरे.

आता जुळणी. लेसर डायोड लगेच लावू नका. त्याच्या जागी १एन४००७ जातीचे तीन साधे डायोड एकसरीत लावा. ते लाल लेसर डायोडइतकाच, सुमारे दोन व्होल्टचा, दाब घेतात. प्रीसेट पूर्ण रोधावर ठेवून पुरवठा सुरू करा. १ ओहमच्या रोधकावर मीटर जितके मिलिव्होल्ट दाखवील, तितके मिलिअँपिअर वाहत आहेत. प्रीसेट सावकाश फिरवून पाहा, आकडा उड्या मारत नाही ना याची खात्री करा आणि प्रीसेट पुन्हा पूर्ण रोधावर आणा.

येथे मी एकदा फसलो होतो, ते सांगतो. पुरवठा चालू असतानाच मी डायोड लावला. मंडल उघडे असल्याने बाहेरच्या टोकावरील धारित्र सात-आठ व्होल्टपर्यंत भरले होते; तो सगळा साठा डायोडमध्ये क्षणात रिकामा झाला. नंतर डायोड मंद लाल दिसे, पण झोत कायमचा गेला. तेव्हा आधी पुरवठा बंद करा, धारित्राची टोके रोधकाने जोडून ते रिकामे करा, मगच डायोड लावा. हिवाळ्यात लोकरीचे कपडे घालून डायोडला हात लावू नका. स्थिर विजेनेही तो मरतो.

आता झोत एका लहान सौर घटावर पाडा आणि घटाचा प्रवाह मिलिअँपिअर मीटरने मोजा. डायोडचा प्रवाह एकेक मिलिअँपिअरने वाढवत आलेख काढा. एक जवळजवळ आडवी आणि एक चढती अशा दोन रेषा दिसतील. त्या जेथे मिळतात, तो उंबरठा.

हाच प्रयोग मे महिन्यात दुपारी करून पाहा. उंबरठा पुढे सरकलेला दिसेल. उन्हाळ्यात जणू सांडव्याचा माथाच उंच होतो! आणि धोकाही यातच आहे. मेमध्ये झोत मंद वाटला म्हणून प्रवाह वाढवला आणि जानेवारीच्या पहाटे तसाच सुरू केला, तर उंबरठा खाली आलेला असल्याने प्रकाश मर्यादेबाहेर जाऊन डायोड जळू शकतो. म्हणून अनेक डायोडांच्या डबीतच एक प्रकाशमापक डायोड बसवतात. प्रकाश वाढला, की तो मंडलाला खबर देऊन प्रवाह कमी करवतो.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तबकड्यांवरून आलेले संकेत प्रकाशतंतूंतून मध्यवर्ती इमारतीत जातात आणि तो प्रकाश लेसर डायोडच देतात. अशा कामात डायोडचा स्थिर प्रवाह चढत्या रेषेच्या मधोमध ठेवून त्यावर संकेताचे चढउतार चढवावे लागतात. प्रवाह उंबरठ्याजवळ आला, तर लहरीचा खालचा भाग छाटला जातो. आकाशातून आलेला संदेश असा वाटेत बिघडू नये, म्हणून ही जुळणी नेमकी हवी.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. झोतात, किंवा आरशावरून परतलेल्या झोतातही, कधीही डोळा घालू नका. डायोड जळला तर नवा मिळतो. दृष्टिपटल जळले तर मिळत नाही. प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा.