दाखला कुठल्या राज्याचा?

बारावीचा निकाल लागला की सुरतेच्या गोडादऱ्यातल्या माझ्या शिकवणीच्या खोलीत पोरांपेक्षा आई-बापांचीच गर्दी होते. "ताई, पोरले कालेजमा टाकनं शे." बाप लूमच्या बारा तासांच्या पाळीवरून थेट आलेला, आई घरी साड्यांना लेस लावणारी. धुळे, जळगाव, नंदुरबारकडून सुरतेत पोटासाठी आलेली ही माणसं. महापालिकेच्या मराठी शाळांमुळे पोरं शिकतात. पुढे फी आडवी येते, पण तिच्याही आधी आडवा येतो कागद.

जातीचा दाखला गावाकडचा असतो आणि आरक्षण राज्यागणिक बदलतं. आंध्रातून मुंबईत आलेल्या एका विद्यार्थ्याच्या मेडिकल प्रवेशाच्या खटल्यात 1990 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मूळ राज्यातला अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा स्थलांतरानंतर दुसऱ्या राज्यात लागू होत नाही. त्यामुळे गुजरातच्या राज्य कोट्यात आमची पोरं खुल्या गटात जातात. महाराष्ट्रात जावं तर तिथं विचारतात, अधिवास कुठला, दहावी-बारावी कुठून केली?

हाच दाखला केंद्राच्या संस्थांत मात्र चालतो. सुरतेतल्याच एसव्हीएनआयटी या इंजिनिअरिंग संस्थेत अनुसूचित जातीच्या राखीव जागेवर तो ग्राह्य धरतात. वडिलांच्या गावाकडच्या दाखल्यावरून मुलाला इथंही दाखला मिळतो. मूळ राज्य कोणतं ते त्यावर लिहिलेलं असतं. ही गोष्ट लूमवाल्याला कोण सांगणार?

फीचंही तसंच. गुजरातच्या मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेला जात लागत नाही. बारावीला 80 पर्सेंटाइल आणि घरचं उत्पन्न वर्षाला सहा लाखांच्या आत असेल, तर खासगी कॉलेजातल्या इंजिनिअरिंगची निम्मी फी, वर्षाला 50 हजारांपर्यंत, सरकार देतं. 2024 पासूनच्या नमो लक्ष्मी योजनेत मुलींना नववी ते बारावीत मिळून 50 हजार रुपये मिळतात. मुलगी बारावीपर्यंत टिकली, तरच कॉलेजचं बोलणं निघतं. दिवसा दुकानात राबणाऱ्या पोरांसाठी बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ आहे.

म्हणून अकरावीतच मी पालकांना बसवते. वडिलांचा दाखला गावाहून आणा, मामलतदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढा, आधार आणि मार्कशीटवरचं नाव जुळवून घ्या. निकालानंतर यासाठी गावी जायचं, तर मुदत निघून जाते आणि बापाची रोजीही बुडते.

नवी कॉलेजं निघावीत, जरूर निघावीत. पण स्थलांतरितांच्या वस्तीतल्या प्रत्येक शाळेनं अकरावीपासून एवढं समजावणारा एक शिक्षक नेमला, तर आज असलेल्या जागांवरही आमची पोरं पोहोचतील.