आकडा चढायच्या आधी

पावसाळा उतरणीला लागला की आमच्या लॅबच्या खिडकीशी एकच प्रश्न ऐकू येतो, "ताई, पेशी किती आल्या?" काल ४२ हजार होत्या, आज ३८ म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. इतक्या खालच्या आकड्यात दोन-चार हजारांचा फरक यंत्राच्या मोजणीतही पडतो, पण हे खिडकीतून सांगून कुणाला पटत नाही.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लॅब टेक्निशियन आहे. जांभळ्या बुचाच्या नळीतलं रक्त यंत्राला लावायचं आणि प्लेटलेट दीड लाखाच्या बऱ्याच खाली दिसल्या, तर काचेवर थेंब ओढून, लिश्मन स्टेन करून मायक्रोस्कोपखाली बघायचंच, ही माझी सवय. कधी नळीतल्या औषधामुळे प्लेटलेटचे गठ्ठे होतात आणि यंत्राच्या हिशेबात ते येत नाहीत. माणूस ठणठणीत, रिपोर्टात २० हजार. अशा वेळी निळ्या बुचाच्या नळीत पुन्हा रक्त घेतलं की बहुधा उलगडा होतो.

मला खरी आवडते ती डेंगीचा ताप उतरल्यानंतरची स्लाइड. प्लेटलेट अजून थोड्याच असतात, पण त्यांत काही चांगल्या टपोऱ्या दिसतात, क्वचित लाल पेशीएवढ्या. त्या ताज्या, अस्थिमज्जेतून नुकत्याच सुटलेल्या. गंमत अशी, की आकारावरून मोजणाऱ्या यंत्राला फार मोठी प्लेटलेट ओळखता येत नाही, ते तिला सोडून देतं. नव्या यंत्रांवर ताज्या प्लेटलेटचं प्रमाण वेगळं छापून येतं. ते वाढलं की दिवस-दोन दिवसांत एकूण आकडाही बहुधा चढतो.

प्लेटलेट ही पूर्ण पेशी नव्हेच. मज्जेत मेगाकॅरिओसाइट नावाची अवाढव्य पेशी असते, तिचे हे तुकडे. एकेकीपासून हजाराच्या वर निघतात. तुकडा आठ-दहा दिवस जगतो, म्हणून निरोगी शरीराला रोज सुमारे १० हजार कोटी नवे घडवावे लागतात. हुकूम मुख्यतः यकृताचा. ते थ्रोम्बोपोएटिन हे संप्रेरक जवळपास एकाच वेगानं सोडत राहतं आणि रक्तातल्या प्लेटलेट ते टिपून घेतात. प्लेटलेट घटल्या की टिपणारं कमी उरतं, जास्त संप्रेरक मज्जेपर्यंत पोचतं आणि तिथं कामाला जोर येतो. हे संप्रेरक शास्त्रज्ञांच्या हाती लागलं १९९४मध्ये. मज्जेतली पेशी वाढून तुकडे सोडेपर्यंत काही दिवस जातात, त्यामुळे आकडा आधी रेंगाळतो, मग भराभर चढतो. बरं होताना साडेचार लाखांच्या वर गेलेला रिपोर्टही मी छापलाय. असा आकडा पुढं आपोआप खाली येतो.

या टपोऱ्या प्लेटलेट कामालाही वाघ. रक्तवाहिनीला चीर पडली की भिंतीतलं कोलाजेन उघडं पडतं. प्लेटलेट तिथं चिकटते, गुळगुळीत चकतीची काटेरी होते, पोटातली रसायनं सोडून इतरांना बोलावते आणि फायब्रिनोजेनच्या दुव्यांनी सगळ्या एकमेकींना धरतात. ताज्या प्लेटलेटमध्ये रसायनांचा साठा भरपूर असतो. शिवाय मूळ पेशीकडून आलेला आरएनए शिल्लक असल्यानं थोडी प्रथिनंही ती बनवू शकते. डेंगीच्या ऐन तापात मात्र उलटं होतं. विषाणूमुळे प्लेटलेट उगाचच चेतवल्या जातात आणि गरजेच्या वेळी कमी पडतात. म्हणून उतरत्या ४० हजारांची आणि चढत्या ४० हजारांची मी बरोबरी करत नाही. आयटीपी या आजारात शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारतं, पण मज्जा बहुधा काम करत असते. तिथं २० हजारांवरही बरेच जण मोठ्या रक्तस्रावाविना हिंडतात. मज्जाच आटलेल्याला तोच आकडा जास्त महागात पडतो.

डेंगीत खरा घात बहुतेक वेळा केशवाहिन्यांतून द्रव पाझरल्यानं होतो. डॉक्टर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, बघतात ते यासाठी, आणि घरचे नेमका तोच आकडा विचारत नाहीत. सिंगापूर आणि मलेशियात ३७२ प्रौढ डेंगी रुग्णांवर झालेली चाचणी २०१७मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. २० हजार किंवा त्याखाली प्लेटलेट, पण मोठा रक्तस्राव नाही, अशांना पिशव्या चढवून रक्तस्राव टळला नाही, त्रास मात्र वाढला. तरी पिशवीसाठी धावाधाव थांबत नाही. पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध यांचंही तसंच. हे सगळं घरात पोचतं तोवर आकडा आपसूक चढायची वेळ झालेली असते, आणि श्रेय शेळीला जातं.

परवा एक आजी नातवाचा रिपोर्ट न्यायला आल्या. पेशी ९० हजार. "वाढल्यात की गं! आता माझी गुडघ्याची गोळी देऊ का त्याला? अंग लई दुखतंय म्हणतोय."

"नको आजी. डॉक्टरांनी दिलेली पॅरासिटामॉलच द्या."

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या अंगात असेपर्यंत प्लेटलेटचं एकमेकींना बोलावणं मंदावतं. अॅस्पिरिनचं त्याहून पक्कं. ते प्लेटलेटमधलं एक एन्झाइम कायमचं बंद पाडतं, आणि केंद्रक नसल्यानं तिला ते पुन्हा पुरेसं बनवता येत नाही. आकडा तेवढाच छापून येतो, काम मात्र नव्या प्लेटलेट येतील तसतसंच परत येतं. हृदयासाठी रोज अॅस्पिरिन घेणाऱ्याला डेंगी झाला, तर गोळी स्वतःच्या मनानं थांबवू नये आणि चालूही ठेवू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं.