निष्क्रिय व्यवसायांची वस्तू व सेवा कर नोंदणी (भारत)

निष्क्रिय व्यवसायांची वस्तू व सेवा कर नोंदणी म्हणजे व्यवहार थांबलेल्या, परंतु कर नोंदणी कायम असलेल्या व्यवसायांची नोंदणी. भारतात केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ मधील कलम २९ आणि त्याखालील नियम अशा नोंदणीला लागू होतात. दुकान बंद केल्याने नोंदणी आपोआप संपुष्टात येत नाही. ती रद्द होईपर्यंत करदात्याची कायदेशीर कर्तव्ये चालू राहतात.

विवरणपत्रे

विक्री शून्य असली तरी नियमित करदात्याला विवरणपत्र भरावे लागते. शून्य व्यवहाराचे जीएसटीआर-३बी उशिरा भरल्यास दररोज २० रुपये विलंब शुल्क लागते. त्याची कमाल मर्यादा प्रत्येक विवरणपत्रामागे ५०० रुपये आहे. शून्य विवरणपत्र मोबाईलवरील लघुसंदेशाद्वारेही भरता येते.

स्वेच्छेने रद्द करणे

व्यवसाय बंद झाल्यावर ३० दिवसांच्या आत आरईजी-१६ या नमुन्यात अर्ज करावा लागतो. अर्जानंतर नोंदणी निलंबित होते. निलंबनाच्या काळात करपात्र पुरवठा करता येत नाही, मात्र नियमित विवरणपत्रे भरण्याची आवश्यकता नसते. शिल्लक मालावर इनपुट टॅक्स क्रेडिट घेतलेले असल्यास त्याबाबतची रक्कम शासनाकडे भरावी लागते.

अधिकाऱ्याकडून रद्द होणे

मासिक विवरणपत्रे सलग सहा महिने, किंवा त्रैमासिक विवरणपत्रे सलग दोन कालावधींसाठी न भरल्यास अधिकारी नोंदणी रद्द करू शकतो. स्वेच्छेने नोंदणी घेऊन सहा महिन्यांत व्यवसाय सुरू न केल्यासही हीच तरतूद लागू होते. त्यापूर्वी कारणे दाखवा नोटीस देणे बंधनकारक असून उत्तरासाठी सात कामकाजाचे दिवस मिळतात. विवरणपत्रे न भरल्यामुळे नोटीस आली असल्यास, थकीत विवरणपत्रे, कर, व्याज व विलंब शुल्क भरल्यावर कार्यवाही थांबवली जाते. नोंदणी पूर्वलक्षी प्रभावानेही रद्द होऊ शकते.

रद्द झाल्यानंतर

सर्वसाधारण करदात्याला तीन महिन्यांच्या आत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरावे लागते. नोंदणी रद्द झाली तरी आधीच्या काळातील कराची जबाबदारी संपत नाही. अधिकाऱ्याने स्वतःहून नोंदणी रद्द केली असल्यास ती पुनःस्थापित करण्यासाठी आदेश मिळाल्यापासून ९० दिवसांत अर्ज करता येतो. पुरेसे कारण असल्यास ही मुदत आणखी कमाल १८० दिवसांनी वाढवता येते. ही मुदत १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे.