पद्मिनीला डिस्क ब्रेक लावताय? आधी पाइप आणि व्हॉल्व्ह समजून घ्या

ज्यांना आजचा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला सोपा जातो, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना जे दोनदा-तीनदा आलं, ते इथे कमी केलंय.

तर विषय असा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी गेली, पण घरच्या पद्मिनी अजून बऱ्याच जणांकडे आहेत. आजोबांची गाडी नातवाकडे आली, की त्याच्या डोक्यात पहिला विचार येतो तो पुढे डिस्क ब्रेक बसवायचा. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या त्या गाडीला चारही चाकांना ड्रम होते. आजच्या ट्रॅफिकमध्ये आणि घाटात ते कमी पडतात, हे खरंय.

मला येणारे बहुतेक प्रश्न कॅलिपर कुठलं आणि डिस्क केवढी, याबद्दलच असतात. पाइप आणि व्हॉल्व्हबद्दल क्वचितच कोणी विचारतं. आणि खरा धोका नेमका तिथेच असतो.

ड्रम आणि डिस्क एकसारखं काम करत नाहीत

ड्रममधला एक शू चाकाच्या फिरण्यामुळे आपोआप ड्रमवर आणखी घट्ट दाबला जातो. म्हणजे चाक स्वतःच ब्रेकला मदत करतं. डिस्कला ही मदत नाही. तिला जास्त प्रेशर लागतं.

आता बघा, पुढे डिस्क लावली आणि मागे जुने ड्रम ठेवले. डिस्कसाठी तुम्ही पेडल जोरात दाबणार. तेच प्रेशर मागच्या ड्रमला जाणार. वर ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. परिणाम? मागची चाकं आधी जाम होतात.

पुढची चाकं जाम झाली तर गाडी सरळ घसरते, पेडल थोडं सोडलं की स्टिअरिंग परत मिळतं. मागची आधी जाम झाली तर गाडीचा मागचा भाग फिरून पुढे येतो. पावसाळ्यात खंडाळ्याच्या उतारावर हे झालं तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून आजच्या भागाचा सगळा सार एका वाक्यात सांगतो: मागची चाकं पुढच्यांच्या आधी कधीही जाम होता कामा नयेत.

तीन व्हॉल्व्ह, तीन कामं

*प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह.* हा मागच्या पाइपवर बसतो. हलका ब्रेक दाबला तर पुढे-मागे सारखंच प्रेशर जाऊ देतो. एका ठरावीक प्रेशरनंतर मात्र मागचं प्रेशर पुढच्यापेक्षा हळू वाढवतो. आपल्यासारख्या कामाला नॉबवाला, म्हणजे कमी-जास्त करता येणारा घ्या. पुढच्या पाइपवर तो कधीही लावू नका.

*रेसिड्युअल व्हॉल्व्ह.* पेडल सोडल्यावरही हा पाइपमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवतो. ड्रमसाठी ते साधारण १० पीएसआय असतं. त्यामुळे व्हील सिलिंडरचे रबर कप ताठ राहतात आणि हवा आत येत नाही. ड्रमच्या गाड्यांमध्ये हा व्हॉल्व्ह बऱ्याचदा मास्टर सिलिंडरच्या आतच असतो. तोच मास्टर सिलिंडर तसाच ठेवून पुढे डिस्क लावली, तर पॅड डिस्कला सतत घासत राहतात. डिस्क तापते, ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल खाली जातं. डिस्कच्या लाइनमध्ये हा १० वाला नकोच. मास्टर सिलिंडर कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर असेल, तर ऑइल मागे उतरू नये म्हणून २ पीएसआयचा लावतात.

*मीटरिंग व्हॉल्व्ह.* मागच्या शूंना स्प्रिंगचा ताण ओलांडायला क्षणभर लागतो. तोपर्यंत हा पुढच्या डिस्कला थोडं थांबवतो. जड गाड्यांमध्ये तो दिसतो. लहान, हलक्या गाडीचं काम बहुतेक वेळा त्याच्याशिवाय होतं.

मास्टर सिलिंडरबद्दलही एक गोष्ट. पुढे-मागे वेगळं सर्किट असलेला, म्हणजे टँडम सिलिंडर घ्या. एक पाइप फुटला तरी उरलेल्या दोन चाकांना ब्रेक राहतो. बोअर लहान असेल तर प्रेशर वाढतं, पण पेडल जास्त खाली जातं. ७/८ इंचाऐवजी ३/४ इंच घेतला, तर तेवढ्याच जोरात प्रेशर सुमारे ३६ टक्के जास्त मिळतं आणि पेडलचा प्रवासही तेवढाच वाढतो. फुकट काही मिळत नाही!

पाइप कुठला?

बहुतेक लहान गाड्यांना ३/१६ इंच, म्हणजे ४.७५ मिलिमीटरचा पाइप चालतो. स्टीलचा पाइप मजबूत आणि स्वस्त, पण कोकणातल्या खाऱ्या हवेत गंजतो. तांबं-निकेल मिश्रधातूचा पाइप गंजत नाही, हाताने वाकतो आणि त्याचं तोंडही छान बनतं. माझी पसंती त्यालाच. पण फ्रिज किंवा एसीचा साधा तांब्याचा पाइप अजिबात नको. कंप सोसून सोसून तो कडक होतो आणि तडकतो.

पाइपच्या तोंडाचे मुख्य दोन प्रकार आहेत: डबल फ्लेअर आणि बबल फ्लेअर. दोघांची बैठक वेगळी. एकाचा पाइप दुसऱ्याच्या बैठकीत आवळला, तर आज गळणार नाही, पण जोरात ब्रेक मारल्यावर गळेल.

आट्यांचं तर आणखी फसवं. ३/८ इंच यूएनएफ आणि १० मिलिमीटर मेट्रिक नट डोळ्यांना सारखेच दिसतात. इंचाचा नट मेट्रिक भोकात सैलसर जातोही, आणि आवळताना आटे जातात. वेगवेगळ्या गाड्यांचे भाग एकत्र येतात तिथे आटे गेजने मोजा. टेफ्लॉन टेप लावून गळती थांबवू नका. बैठक नीट असेल तर टेपची गरजच नसते.

होज पाइप नवेच घ्या. जुना होज आतून फुगला की ऑइल जातं, पण परत येत नाही, आणि चाक धरून बसतं. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि चाक लोंबतं ठेवून बघा, होज कुठे ताणला जात नाही ना.

शेवटची तपासणी

कॅलिपरचा एअर काढायचा निपल वरच्या बाजूला हवा. डावं-उजवं कॅलिपर उलटं बसलं तर निपल खाली जातो आणि हवा आत अडकते. ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा ४ वापरा, त्यात सिलिकॉनचं डॉट ५ मिसळू नका.

मग मोकळं, बंद मैदान शोधा. जमीन ओली करा आणि वेग कमी ठेवा. मित्राला बाहेर सुरक्षित अंतरावर उभं करून आधी कुठली चाकं जाम होतात ते बघायला सांगा. मागचं प्रेशर सगळ्यात कमी ठेवून सुरुवात करा आणि नॉब थोडा-थोडा फिरवा. पुढची आधी, मागची त्यानंतर, असं जमलं की नॉबवर खूण करा आणि पुन्हा हात लावू नका.

हो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा, उत्तर लेखी घ्या.

पाइप वाकवायला हात बसलेला नसेल, तर ते काम अनुभवी ब्रेकवाल्याकडून करून घ्या. पण व्हॉल्व्ह कुठला आणि का, हे तुम्हाला माहीत असू द्या. पुढच्या भागात मास्टर सिलिंडर खोलून बघू. प्रश्न असतील तर पाठवा. भेटू या!